लाट लांब, जोर कमी

शिक्षकाची चूक कुठे जाऊन उगवेल, काही सांगता येत नाही. स्वयंपाकातली चूक जेवणाऱ्याच्या तोंडावर दिसते, शिवणातली चूक अंगात घातल्यावर कळते. शिक्षकाची चूक मात्र पोरं पाठ करतात आणि तिला पैकीच्या पैकी मार्कही मिळतात. माझी तर भिंतीवर रंगवली गेली, माझ्या नावासकट.

मी शरयू मुळ्ये. रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीकाठच्या एका शाळेत चौतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी अजून बाजारात एखादा मिशीवाला गृहस्थ हातातली मेथीची जुडी ठेवून ओरडतो, "बाई, लाट लांब?" मी म्हणते, "जोर कमी!" मग तो म्हणतो, "लाट आखूड?" आणि आजूबाजूचे आणखी दोघं-तिघं एका सुरात, "जोर नामी!" भाजीवालीसुद्धा हसते.

हे माझंच कवन. विद्युतचुंबकीय वर्णपटाचा धडा पोरांना कधी पचला नाही. रेडिओच्या लाटा, सूक्ष्मलहरी, अवरक्त, मग तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा, आपल्याला दिसतो तो चिंचोळा पट्टा, मग अतिनील, क्ष-किरण, गॅमा. सगळे एकाच जातीचे, फरक फक्त लाटेच्या लांबीचा. रेडिओची एक लाट शाळेच्या मैदानाएवढी असू शकते, क्ष-किरणाची अणूएवढी. आणि प्रकाश येतो तो कणाकणाने. लाट जितकी लांब, तितकी एकेका कणापाशी ऊर्जा कमी. लांबी निम्मी केली की ऊर्जा दुप्पट. म्हणून अतिनील किरणाचा एकेक कण कातडीतले रेणू तोडू शकतो, आणि रेडिओच्या लाटा रात्रंदिवस अंगातून जात असूनही आपल्या केसाला धक्का लागत नाही. एवढं सगळं पोरांच्या डोक्यात शिरेना, म्हणून एका दुपारी वैतागून मी फळ्यावर लिहिलं: लाट लांब, जोर कमी, लाट आखूड, जोर नामी. त्या वर्षापासून या प्रश्नाचे दोन मार्क कुणाचे गेले नाहीत. मला त्याचा भारी अभिमान होता.

विलास नागवेकर हा माझा त्यातल्या त्यात उनाड विद्यार्थी. त्याने पुढे हापूस निवडून निर्यात करायचं पॅकहाऊस काढलं. हापूसला साका नावाचा एक विकार आहे. आंबा वरून देखणा, वास घमघमीत, आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. वरून कुणालाही कळत नाही. "आमच्या हाताला कळतं" म्हणणारे माझ्या माहेरीही होते, आणि नेमकी पाहुण्यांपुढे त्यांचीच फजिती व्हायची. उन्हाळे तापत गेले तसा साका वाढत गेला. कोकणात मे महिन्याचा पारा बेचाळीसला टेकायला लागल्यावर शंभरात वीस-वीस आंबे आतून गेलेले निघायला लागले. परदेशातले व्यापारी शंभरात तीन निघाले तरी अख्खा कंटेनर परत पाठवत. कॅमेऱ्याची यंत्रं आणून पाहिली, पण ती बाठ्याच्या सावलीलाही साका म्हणायची आणि निम्मा चांगला माल बाजूला काढायची.

मग ती लेन्स आली. डोळ्यात घालायची, नखाएवढी.

अवरक्त प्रकाश आंब्याच्या गरातून आरपार जातो. खालून अवरक्त दिवा लावला की साका असलेली जागा काळी गाठ म्हणून उठून दिसेल, पण बघणार कोण? आपल्या डोळ्याच्या पडद्यावरचं रसायन जागं व्हायला एका कणात ठराविक जोर लागतो आणि अवरक्ताच्या कणात तो नसतो. या लेन्समध्ये दुर्मीळ धातूंचे बारीक कण पेरलेले आहेत. माळ्यावर एका उडीत जाता येत नाही, पण मध्ये स्टूल ठेवलं की दोन उड्यांत जाता येतं, तसं. अवरक्ताचा एक कण येतो आणि त्या धातूतल्या इलेक्ट्रॉनला स्टुलावर चढवतो. दुसरा येतो आणि माळ्यावर चढवतो. तिथून इलेक्ट्रॉन खाली उडी घेतो तेव्हा दोघांचा जोर मिळून एक हिरवा कण बाहेर पडतो, आणि हिरवा आपल्याला दिसतो. यात एकच मेख आहे. इलेक्ट्रॉन स्टुलावर आहे तोवर दुसरा कण यायला हवा. त्यामुळे दिवा दुप्पट केला तर हिरवा उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. तीन वर्षांपूर्वी हे मी वाचलं तेव्हा टाळी वाजवावीशी वाटली होती.

त्याच फेब्रुवारीत विलास घरी आला. "बाई, लेन्स मागवल्यात, पण माझ्याकडच्या पोरी घाबरतायत. किरण म्हटलं की कॅन्सर म्हणतात. तुमचं कवन भिंतीवर रंगवतो. खाली तुमचं नाव. तुमच्या नावापुढं कोण काय बोलणार?"

मला गुदगुल्या झाल्या हे कबूल करते. मी पॅकहाऊस बघायला गेले. काळोखी खोली, बारा टेबलं, प्रत्येक टेबलाच्या मध्यभागी आंबा ठेवायची बिनबुडाची वाटी आणि तिच्या खाली दिवा. दिवे लावलेले होते, पण लेन्सशिवाय मला काहीच दिसलं नाही. वाटीवर वाकले तेव्हा तोंडावर कोवळं ऊन पडल्यासारखी ऊब मात्र लागली.

"बरं वाटतंय रे! हिवाळ्यात शेकायला यायला हवं," मी म्हटलं. सगळे हसले.

तोंडाला ऊब लागते म्हणजे तिथे ऊर्जा येते आहे, हे सातवीतलं पोरही सांगेल. चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने तिथे विनोद केला आणि घरी येऊन जेवली.

त्या बारा टेबलांतलं पहिलं टेबल वृंदा शिवलकरचं. ही दहावीला एकदा नापास झाली होती, तीही विज्ञानात. दुसऱ्या खेपेला काठावर सुटली, आणि त्या काठाला माझ्या कवनाचे दोन मार्क होते. नवरा बोटीवर खलाशी, घरात सासू. "हिला काय कळतंय" हे वाक्य तिने लग्नानंतर दहा वर्षं ऐकलं होतं. आणि ही वृंदा त्या टेबलावर बसली नि सगळ्यांच्या पुढे गेली. आंबा वाटीत, मनगटाचं एक वळण, आंबा डावीकडे किंवा उजवीकडे. तिने पास केलेल्या पेटीत साका निघत नसे. विलासने तिच्या पेट्यांवर हिरवी पट्टी चिकटवायला सुरुवात केली: "नजर: वृंदा". दुबईचा व्यापारी फोनवर विचारायचा, वृंदाची पेटी आहे का? गावात तिला नजर असंच म्हणायला लागले. सासू बायकांना सांगायची, आमच्या नजरेला आज रविवारीपण बोलावलंय. ती माझ्याकडे यायची तेव्हा पाठ ताठ करून बसायची, आणि ते बघून मला माझ्या सगळ्या डॉक्टर-इंजिनिअर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त आनंद व्हायचा.

यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती सकाळी आठाच्या सुमारास आंब्याची पेटी घेऊन आली आणि माझ्या ओटीच्या पायरीला ठेचकाळली. ही पायरी ती शाळेत असल्यापासून चढते आहे.

"लागलं का गो?"

"नाय हो बाई. उन्हातनं आले ना, एकदम काळोख झाला."

ती बसली ती खिडकीकडे पाठ करून. चहाचा कप ठेवला तो अर्धा टेबलाच्या बाहेर. मी तो आत सरकवला. मग मागे वळून ती म्हणाली, "बाई, खिडकीच्या काचा पुसून घ्या. धुकं बसल्यासारखं दिसतंय." काचा आदल्याच दिवशी पुसल्या होत्या. मी उठले, टॉर्च आणला आणि तिची हनुवटी वर केली. बाहुली काळी असायला हवी. ती राखाडी होती, दोन्ही डोळ्यांत.

"वृंदा, तुझ्या डोळ्यात काहीतरी आलंय."

ती हसायला लागली. "कायतरीच काय! आमचे डोळे आम्ही दर सोमवारी तपासतो, बाई. टेबलावरच. वाटीत आंब्याऐवजी तिरका आरसा ठेवायचा, झोत समोर वळतो, तिथं दुसरीनं तोंड आणायचं. साका हाय काय बघू, म्हणतो. आमच्यात पद्धतच पडलीय ती. स्वच्छ दिसतात, अगदी तळापर्यंत."

मला हायसं वाटलं, पण घोटभर चहा पिण्यापुरतंच. मी कप खाली ठेवला. "लेन्स घालून बघता?"

"मग? लेन्स काढून त्या काळोखात काय दिसणार?"

त्या बारा बाया दर सोमवारी एकमेकींचे डोळे निष्ठेने तपासत होत्या, आणि तेही नेमक्या अशा प्रकाशात, ज्याला धुकं अडवत नाही. आंब्याच्या गरातून जो आरपार जातो, तो मोतीबिंदूतून जाणार नाही तर काय? त्यांना तळ दिसत होता तो धुक्यातून दिसत होता. मी तिला तशीच उठवली आणि रत्नागिरीला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर रुबीना काझी हीही माझीच विद्यार्थिनी, फक्त हिला कवनाची गरज कधी पडली नाही. तिने तासभर तपासलं आणि मग वृंदाला एकेक प्रश्न विचारत गेली. दिवा किती मोठा? सुरुवातीला लहान होता, मग आम्हीच म्हटलं वाढवा, छान दिसतं. किती वाढवला? चौथ्या आकड्यावर होता, आता नवावर. दिवा सतत चालू असतो? तसा नसतो, पायाखाली पेडल आहे, दाबलं तरच लागतो.

"दर आंब्याला पेडल दाबतेस?"

वृंदाने आधी पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "पाय भरून येतो हो मॅडम. पेट्यांची सुतळी असते ना, तिनं पेडल बांधून ठेवतो. सगळ्याजणी."

म्हणजे एक आंबा उचलून दुसरा ठेवीपर्यंत उघडा दिवा तिच्या डोळ्यात. रुबीनाने पेन खाली ठेवलं.

"बाई, यातला हजारातला एखादाच हिस्सा हिरवा होऊन दिसतो," ती मला म्हणाली. "बाकीचा तसाच आत शिरतो. आणि डोळा मिटतो तो उजेडाला. हा उजेड दिसतच नाही, मग पापणी मिटणार कशाला? त्यात खोली काळोखी, बाहुली सताड उघडी. काचेच्या भट्टीवर आयुष्य काढलेल्यांना जो मोतीबिंदू व्हायचा, तो हिला तीन हंगामांत झालाय." मग ती वृंदाकडे वळली. "मोतीबिंदूचं मला भय नाही. भिंग बदलता येतं. मागचा पडदा बदलता येत नाही, आणि त्याला मधोमध सूज आहे. अजून जळलेला नाही. दिवा आजपासून बंद. उद्यापासून नव्हे, आजपासून."

बसस्थानकासमोर आम्ही कोकम सरबत घेऊन बसलो. वृंदाने ग्लासला हात लावला नाही.

"बाई, लाट लांब, जोर कमी," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. अवरक्ताची लाट लांब. मग?"

मी सांगायला सुरुवात केली. आमच्या घरात अंडं येत नाही, पण वर्गात मी अंड्याचंच उदाहरण द्यायचे. अंडं दगड मारून फुटतं. अतिनीलचा कण म्हणजे तो दगड. कोमट पाण्याच्या थेंबाने अंडं फुटत नाही, कितीही थेंब टाक. पण तेच अंडं उकळत्या पाण्यात ठेवलं तर कवच न फुटता आतला पारदर्शक द्रव पांढरा होतो, आणि पांढरा झालेला पुन्हा पारदर्शक होत नाही. लाटेच्या लांबीवरून कळतो तो एका कणाचा जोर. कण किती येतात ते लांबीवरून कळत नाही, ते दिव्यावर असतं. कमजोर कण अब्जावधींनी आले की ते तोडत नाहीत, शिजवतात.

ती सगळं ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "हे कवनात का नव्हतं?"

उत्तर होतं माझ्याकडे. दोन मार्कांच्या प्रश्नात ते विचारत नसत, म्हणून नव्हतं. त्याऐवजी मी सरबताचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"पाच दिवस द्या, बाई," ती म्हणाली. "शेवटचा कंटेनर शनिवारी जातो. हिरवी पट्टी लावूनच मागितलाय त्यांनी. मी उठले तर विलासदादा उद्या दुसरीला बसवतील, आणि मी पुन्हा हिला काय कळतंय. शनिवारी मी आपणहून सांगते त्यांना. तोवर तुम्ही बोलू नका. शब्द द्या."

"रुबीना काय म्हणाली ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. पाच दिवसांत काय होतंय? तीन वर्षं काय झालं नाय."

आणि मी शब्द दिला. तिच्यासाठी दिला असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. विलासकडे जायचं म्हणजे त्या भिंतीखाली उभं राहून सांगायचं की ही बाई चुकली. पाच दिवस मलाही हवे होते.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मला बसवेना. आमटीत मीठ दोनदा पडलं. वर्तमानपत्र उघडलं की अक्षरांच्या मध्यभागी बघायचे आणि वाटायचं, इथेच सूज आली तर काय दिसेल? नको म्हटलं तरी हात फोनकडे जायचा. एकदा विलासचा नंबर लावलासुद्धा, आणि तो "बोला बाई" म्हणाल्यावर विचारलं काय, तर रायवळ आंबे आहेत का! सकाळी नऊ वाजले की मनात यायचं, आता ती बसली, आता सुतळी बांधली. रुबीनाचे दोन फोन आले. "थांबली ना ती?" "हो हो," मी म्हटलं. इतकं सरळ खोटं बोलले मी.

चौथ्या दिवशी सकाळी बाजारात गेले. नारळवाल्यापाशी कुणीतरी हाक मारली. "बाई, लाट लांब?"

विलासच्याच पॅकहाऊसमधली दर्शना. सात नंबरच्या टेबलावरची, लग्न ठरलेली, हसरी मुलगी. ती माझ्याकडे बघत होती ती कपाळावर हात आडवा धरून, डोळे बारीक करून. आणि आम्ही दोघी उभ्या होतो मंडपाच्या कापडाखाली, सावलीत.

माझ्या तोंडून पुढचे दोन शब्द आले नाहीत. वृंदाला दिलेल्या एका शब्दापायी मी बाकीच्या अकराजणींना विसरले होते. अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. नारळ तिथेच टाकले, दर्शनाचा हात धरला आणि रिक्षात बसवून थेट पॅकहाऊस गाठलं.

विलास वजनकाट्यापाशी होता. "अरे, बाई! अलभ्य लाभ—"

"दिवे बंद कर. सगळे. आणि मुलींना बाहेर व्हरांड्यात आण, लेन्स काढून."

"कंटेनर उद्या जायचाय, बाई. मस्करी करताय काय?"

"मेल्या, मी कधी मस्करी करते का?"

वर्गातला तो आवाज अजून शाबूत होता. तो मुकाट आत गेला. एकेक करून त्या बाहेर आल्या, वृंदा सगळ्यात शेवटी. तिने मला बघितलं आणि तिला सगळं कळलं.

मी त्यांना समोरासमोर दोन रांगांत उभं केलं आणि टॉर्च दर्शनाच्या हातात दिला. "सोमवारी करता तसंच करा. साका आहे का बघा. पण आज नुसत्या डोळ्यांनी."

पहिल्यांदा खिदळल्या. मग दर्शनाने समोरच्या मुलीच्या डोळ्यात टॉर्च मारला आणि हसता हसता थांबली. "अगो, तुझ्या डोळ्यात राख कसली?" टॉर्च एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिला. बारांपैकी पाचजणींच्या बाहुल्या राखाडी होत्या. दर्शनाची डावी. तिने मला विचारलं, "माझं कसंय बाई?" मी तिला खरं सांगितलं. ती पायरीवर बसली आणि हाताने एकेक डोळा झाकून बघायला लागली.

विलासचा चेहरा उतरला होता, पण हार मानायची सवय त्याला शाळेतही नव्हती. "परवान्याचा कागद हाय माझ्याकडं. त्यात लिहिलंय सुरक्षित म्हणून."

"किती आकड्यावर सुरक्षित? आणि पेडल बांधून, की सोडून?"

तो जमिनीकडे बघायला लागला. सुतळी त्याला माहीत होती. मग मान वर करून म्हणाला, "बाई, भिंतीवर नाव तुमचं हाय."

"म्हणूनच आलेय."

बारा मुलींसमोर मी त्या भिंतीखाली उभी राहिले आणि म्हणाले, की हे कवन खोटं नाही, पण अर्धं आहे. अर्धं मीच शिकवलं, अर्ध्यावरच मी नाव लावू दिलं. वृंदा पुढे आली. रागाने तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या.

"तुम्ही शब्द दिला होतात, बाई."

"दिला होता. तो मोडायला मला चार दिवस उशीर झाला."

"एकच दिवस राहिला होता! उद्या मी आपणहून, ताठ मानेनं उठले असते. तुम्ही मला ओढून उठवलंत." ती चपला न घालताच फाटकाबाहेर चालायला लागली. मागून दर्शना तिच्या चपला घेऊन धावली.

अर्धाच कंटेनर परदेशी गेला, उरलेला माल कॅनिंगला गेला. विलासने ते तोंड वाकडं करून का होईना, पण सोसलं. पुढे त्याने दिव्यांवर आपोआप मिटणारी झडप बसवली, आकडा तिनावर पक्का केला, मुलींना अवरक्त अडवणारे चष्मे आणले, जे पहिल्या दिवशीच आणायला हवे होते. आणि मला विचारलं, भिंत पुसू का? मी म्हटलं, पुसू नकोस. खाली एक ओळ वाढव. त्याने तळहाताएवढ्या अक्षरांत, ठळक निळ्या रंगात ती रंगवून घेतली.

जूनमध्ये वृंदाच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. सासू बोलायची, फोनवर. पट्टी निघाली, भिंग छान बसलंय. पडद्याचं विचारलं की सासू म्हणायची, ते डॉक्टरीणबाईंनाच विचारा. रुबीना म्हणाली, "सूज उतरली की कळेल. थांबा." ते थांबणं मेमधल्या चार दिवसांपेक्षा वाईट होतं.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. वृंदा. हातात नारळीभाताचा डबा. पायरी ती नीट चढली.

"सासूबाईंनी दिलाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मीपण दिलाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. ती म्हणाली, "चला बाई, पॅकहाऊसला. विलासदादानं पुढच्या हंगामात पेट्या बांधायच्या विभागावर बसवतो म्हटलंय. बघून येऊ." वाटेत ती भरभरून बोलत होती. नवरा गणपतीला येतोय, दर्शनाचं लग्न दिवाळीनंतर आहे, तिचा एकच डोळा करावा लागला. धुकं गेलं, बाई, सगळं लख्ख झालंय, आकाश एवढं निळं असतं हे विसरले होते. मी चालता चालता मनातल्या मनात हात जोडत होते.

पॅकहाऊस बंद होतं. आवारात आम्ही दोघीच. फाटकापासून भिंत वीस पावलांवर. मी काही विचारायच्या आतच वृंदा थांबली, मान वर केली आणि शाळेतल्यासारखी खणखणीत वाचू लागली. "लाट लांब, जोर कमी, लाट आखूड, जोर नामी. शरयू मुळ्ये, विज्ञान शिक्षिका."

"दिसतंय!" मी जवळजवळ ओरडलेच. "वृंदा, दिसतंय तुला! आता खालची ओळ वाच."

"खालची?"

"खालची गो. निळी."

ती भिंतीकडे बघत राहिली. मान जराशी डावीकडे केली, मग उजवीकडे. कोपऱ्यातून बघू पाहत होती. "खाली निळं पोतारलंय काहीतरी," ती म्हणाली. "ओळ आहे होय?"

पहिल्या दोन ओळी तिने वाचल्याच नव्हत्या. त्या तिला नववीपासून येत होत्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पट्टी काढली तेव्हापासनं. कडेचं सगळं लख्ख. जिथं बघीन नेमकं तिथंच काही नाही. तुमचे केस दिसतात, बाई. तोंड नाही दिसत."

"त्या चार दिवसांत झालं का गो? रुबीनाने सांगितलं?"

"विचारलं मी. कुठल्या दिवसानं झालं ते सांगता येत नाही म्हणाल्या." मग ती म्हणाली, "मीच मागितले होते ते दिवस."

"देणारी मी होते."

मला वाटलं आता ती वळेल आणि निघून जाईल. ती तिथेच उभी राहिली, आणि मग तिने माझा हात धरला.

"काय लिहिलंय ते सांगा तरी."

मी वाचून दाखवलं. "एकटीचा जोर कमी, झुंडीची नाही हमी."

वृंदाने ते माझ्यामागून एकदा म्हटलं. मग भिंतीकडे पाठ फिरवून, माझ्याशिवाय, पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळं म्हटलं. एकही शब्द चुकला नाही.